गळती प्रतिबंध कक्ष

विद्यापीठाच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीत सव्वीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळे दाखलेबाई म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. शिक्षण अर्धवट सोडून जाणाऱ्याला विद्यापीठ सोडल्याचा दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. त्या आल्या तेव्हा हा दाखला मिळायला तीन आठवडे लागत. ग्रंथालयाची सही आणायला गेलं की तिथला माणूस जेवायला गेलेला असे, आणि तो जेवून येईपर्यंत वसतिगृहाचा माणूस जेवायला जाई. बाईंनी सगळ्या सह्या एकाच कागदावर आणल्या, जेवणाच्या वेळा बदलून घेतल्या आणि तीन आठवड्यांचं काम चहा निवेपर्यंतच्या वेळेत बसवलं. विद्यापीठात यायला वेळ लागतो, जायला लागत नाही, असं त्या अभिमानानं सांगत.

अर्जात 'सोडण्याचे कारण' असा एक रकाना होता. बोटभर लांब. त्यात झाडून सगळी मुलं एकच शब्द लिहीत: वैयक्तिक. सव्वीस वर्षांत बाईंनी त्या शब्दाकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं. रकाना भरलेला आहे ना, एवढंच त्या बघत आणि शिक्का मारत.

मग एका वर्षी नव्या कुलगुरूंच्या हाती एक तक्ता आला. वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी दर पाचातला एक जण पहिल्या सत्राच्या सुट्टीला घरी जातो तो परत येतच नाही, असं त्यात दिसत होतं. कुलगुरूंनी समिती नेमली. समितीनं पहिल्या बैठकीत खेद व्यक्त केला, दुसऱ्या बैठकीत तो इतिवृत्तात नोंदवला आणि तिसऱ्या बैठकीत ठरवलं, की वसतिगृहातच एक कक्ष उघडावा आणि मुलांना अभ्यासाबद्दल, विषयांबद्दल, अडीअडचणींबद्दल सल्ला द्यायला तिथं एक अनुभवी माणूस बसवावा. अनुभवी माणूस म्हणताच सगळे प्राध्यापक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, जाणाऱ्यांचा अनुभव म्हणाल तर दाखलेबाईंइतका कुणालाच नाही. हा विनोद होता. पण इतिवृत्त लिहिणारा माणूस गंभीर स्वभावाचा होता. त्यानं तो लिहून घेतला, त्यावर सही झाली, आणि सोमवारी बाईंच्या टेबलावर बदलीचा हुकूम येऊन पडला.

बाईंचे यजमान शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत, घरीसुद्धा. त्यांनी हुकूम दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली दिलीय यांनी."

बाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. पण मनातून त्यांनाही ते पटलं होतं.

कक्षासाठी मिळालेली खोली वसतिगृहाच्या तळमजल्यावर होती. तिथं आधी मोडक्या खाटा ठेवत. खाटा हलवल्या, एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक पंखा आला, आणि दारावर पाटी रंगवायला रंगारी आला. त्याला लिहून दिलेलं नाव होतं 'विद्यार्थी गळती प्रतिबंध कक्ष'. पाटी निघाली आखूड. रंगाऱ्यानं विचार करून पाहिला. अक्षरं बारीक केली तर लांबून वाचता येणार नाहीत, आणि इथं राहतात ते विद्यार्थीच, म्हणजे तो शब्द नाही लिहिला तरी चालेल. बाई डबा खायला गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा 'गळती प्रतिबंध कक्ष' अशी झोकदार पाटी वाळत होती.

पहिल्या आठवड्यात कक्षात अकरा मुलं आली आणि अकराही जण नळाची तक्रार घेऊन आली.

पहिल्या तिघांना बाईंनी नीट समजावून सांगितलं, की ही गळती वेगळी आणि ती गळती वेगळी. तिघांनीही ऐकून घेतलं, आणि मग नळाचं कुठं सांगायचं म्हणून विचारलं. स्थापत्य विभागात सांगा, असं बाई म्हणाल्या. त्यावर तिसरा मुलगा एवढा खिन्नपणे हसला, की चौथ्याच्या वेळी बाईंनी काही न बोलता वही उघडली आणि खोली क्रमांक लिहून घेतला. कागद हातात आला की तो पुढं सरकवायचा, ही त्यांची सव्वीस वर्षांची सवय. त्यांनी यादी केली आणि स्वतः जाऊन वसतिगृहाच्या प्लंबरला गाठलं.

हा प्लंबर म्हणजे वायसरकाका. कुठल्याही नळाखाली वाकून पाहिलं की ते "वायसर गेलाय" एवढंच म्हणत, म्हणून मुलांनी ते नाव पाडलं होतं. माणूस उदास चेहऱ्याचा, पण हाताचा साफ. त्यांचं म्हणणं असं, की आठ वर्षं त्यांच्याकडे एकही तक्रार लेखी आलेली नाही. मुलं जिन्यात ओरडून सांगतात, आणि जिन्यात सांगितलेलं जिन्यातच राहतं. बाईंनी दिलेली यादी त्यांनी हातात धरून बराच वेळ पाहिली. खोली क्रमांक, मजला, तारीख, पुढं सहीसाठी जागा. दोन दिवसांत अकराही नळ गळायचे थांबले, आणि गळती कक्षात खरंच काम होतं अशी वसतिगृहभर बातमी पसरली.

अशा प्रकारे बाईंच्या दाराशी रांग लागली खरी, पण अभ्यासाबद्दल अवाक्षरही काढायला कोणी तयार नव्हतं. बाईंनी एक-दोघांना सहज विचारून पाहिलं, अभ्यास कसा चाललाय. सगळ्यांचा छान चालला होता.

तिसऱ्या आठवड्यात एक उंच, सडपातळ मुलगा आला. तो संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होता. त्याच्या खोलीबाहेरच्या बेसिनचा नळ गळत होता. वायसरकाका तिथंच खुर्चीवर बसून सह्या करत होते. बाईंनी वहीत लिहीत लिहीत विचारलं, नळ सारखा गळतो की अधूनमधून.

"दुपारी जास्त गळतो," मुलगा म्हणाला. "अकरा ते चार तर फारच."

वायसरकाकांनी मान वर केली. नळाला सकाळ-दुपार काही कळत नसतं, वायसर गेला की गेला, असं त्यांनी सांगितलं. बाईंचं पेन मात्र थांबलं होतं.

"अकरा ते चार तू खोलीत असतोस?"

नळाचं राहू द्या, तसं काही विशेष नाही, असं पुटपुटत मुलगा उठला आणि निघून गेला.

बाईंना त्या दिवशी डबा गोड लागला नाही. अकरा ते चार म्हणजे तासांची वेळ. या वेळात नळ किती गळतो हे ज्याला पाठ आहे, तो वर्गात जात नाही. सरळ हिशेब होता. दुसऱ्या दिवशी वायसरकाका नळ दुरुस्त करायला निघाले तेव्हा बाईही बरोबर निघाल्या. मुलांच्या मजल्यावर कशासाठी आलात म्हणून कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून त्यांनी हातात पाना घेतला होता. तो त्यांनी उलटा धरला होता, हे काकांनी जिना चढेपर्यंत सांगितलं नाही.

मुलगा खोलीतच होता. पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. काका बाहेर बेसिनपाशी वाकले आणि गरज नसताना सगळा नळ खोलून बसले. बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी अभ्यासाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पाना केवढा जड असतो, याबद्दल बोलल्या. पाच-सात मिनिटांनी मुलगा आपणहून बोलायला लागला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की त्याला डोकंच नाही. शाळेत तो पहिला यायचा, पण ते गावातलं पहिलं येणं. इथं पहिल्या दिवसापासून त्याला एक ओळ कळली नाही. बाकीची मुलं माना डोलवायची म्हणून तोही डोलवायचा. तीन आठवडे असे काढले, मग जाणं सोडून दिलं. आता तीन आठवडे तो खोलीत होता. खोलीतला दुसरा मुलगा रसायनशास्त्राचा, तो सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा. त्याला वाटायचं की याचे तास दुपारनंतर असतात.

बाईंना त्यावर काय सल्ला द्यावा सुचेना. संख्याशास्त्रातलं त्यांना स्वतःला काही कळत नव्हतं, आणि धीर धर, सगळं ठीक होईल, असं म्हणण्याइतक्या त्या भाबड्या नव्हत्या. त्यांनी फक्त त्याची वही मागून घेतली.

संध्याकाळी त्यांनी ती वही मास्तरांपुढं ठेवली. पोरगा कुठं अडतोय ते बघा, म्हणाल्या. मास्तर खूश झाले. निवृत्तीनंतर त्यांच्या लाल पेनाला काम उरलं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, वही उघडली, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. बाईंची भाजी चिरून झाली, जेवणं झाली, भांडी झाली. लाल पेन तसंच उघडं.

बाईंनी विचारलं, यात एकही चूक नाही का.

"असेल," मास्तर म्हणाले. "पण ती शोधायला मला तीन वर्षं शिकावं लागेल." त्यांचा चेहरा उतरला होता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पोरगा कितव्या वर्षाला आहे म्हणालीस?"

"पहिल्या."

"शक्यच नाही."

सकाळी दोघांनी मिळून संख्याशास्त्र विभाग गाठला. तिथल्या एका प्राध्यापकांनी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. हा मुलगा आहे कुठं, असं त्यांनीच विचारलं. ते शेवटच्या वर्षाला शिकवत. जुन्या इमारतीत, खोली क्रमांक चौदा, सकाळी अकरा वाजता. सत्राच्या सुरुवातीला एक उंच मुलगा पहिल्या बाकावर येऊन बसायचा, सगळं उतरवून घ्यायचा. एकदा तर त्यानं हात वर करून विचारलं होतं, की सर, हे सगळं कशासाठी? वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यावर ते पुढचे दोन तास बोलले होते. मग तो यायचा बंद झाला. आपलं शिकवणं त्याला फार सोपं वाटलं असेल, या विचारानं ते प्राध्यापक खचून गेले होते. हजेरीचा कागद ते बाकांवरून फिरवायचे आणि न वाचताच फाईलला लावायचे. त्यावर सगळ्यांत खाली त्या मुलाची सही रोज होती.

पहिल्या वर्षाचा वर्ग नव्या इमारतीत भरत होता. तीही खोली क्रमांक चौदाच, आणि तिथंही सकाळी अकरालाच संख्याशास्त्र. वेळापत्रकात नुसतं 'खोली १४' लिहिलेलं होतं. पोरगा तीन आठवडे चुकीच्या वर्गात बसला होता, आणि त्यावरून आपण मठ्ठ आहोत असं ठरवून मोकळा झाला होता.

मास्तर तिथंच पायरीवर बसले आणि हसत सुटले. अर्धं हसू पोराच्या गोष्टीचं होतं, अर्धं स्वतःच्या सुटकेचं. बाईंना हसायला वेळ नव्हता. त्या तडक वसतिगृहात गेल्या. खोलीत फक्त रसायनशास्त्रवाला होता. त्यानं सांगितलं, की तो मघाशीच अर्ज घेऊन तीन नंबरच्या खिडकीकडे गेलाय.

बाईंनी उभ्या आयुष्यात कधी पळून बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. तीन नंबरच्या खिडकीपुढं चौघं उभी होती. बाई सवयीनं थेट पुढं गेल्या तर मागून आवाज आला, मॅडम, रांग. त्या मुकाट्यानं रांगेत उभ्या राहिल्या. स्वतःच्या खिडकीकडे बाहेरून बघताना त्यांना पहिल्यांदा कळलं, की ती किती उंचावर आहे आणि आतल्या माणसाचं नुसतं कपाळ दिसतं.

आत बसली होती ती धाकटी. बाईंच्या हाताखाली चार वर्षं तयार झालेली, म्हणून कचेरीत तिला धाकटी म्हणत. मुलाचा अर्ज तिच्यासमोर होता. सगळ्या सह्या झालेल्या. हे काम आपण सहा मिनिटांत केलं, बाईंच्या वेळी सगळ्यात कमी आठ मिनिटं होती, असं तिनं बाईंना मोठ्या उत्साहानं सांगितलं.

बाई म्हणाल्या, तो अर्ज परत दे.

धाकटी अवघडली. "बाई, तुम्हीच शिकवलंत. खिडकीच्या आत आलेला कागद कार्यालयाचा. चूक असली तरच परत द्यायचा."

"मग दाखव," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी टाचा उंचावून खिडकीतून मान आत घातली. नाव बरोबर होतं. तारीख बरोबर. सह्या पाचही जागच्या जागी. आपण बांधलेल्या भिंतीत आपणच भोक शोधत आहोत, हे बाईंच्या ध्यानात आलं. मग त्यांची नजर त्या बोटभर रकान्यावर गेली. त्यात लिहिलं होतं: वयक्तिक.

"शुद्धलेखनाची चूक आहे," बाई म्हणाल्या. "वै. दोन मात्रा."

"बाई," धाकटी हळू आवाजात म्हणाली, "आजपर्यंत हा शब्द कुणी बरोबर लिहिलाय?"

बाईंनी हात पुढं केला. धाकटीनं एकदा शिक्क्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि अर्ज सरकवला.

मुलगा बाहेर बाकावर दाखल्याची वाट बघत बसला होता. बाई त्याच्याशेजारी बसल्या, श्वास जागेवर येऊ दिला आणि त्याला सगळं सांगितलं. जुनी इमारत, नवी इमारत, दोन्हीकडे चौदा नंबर. त्यांना वाटलं होतं की पोरगा उडीच मारेल. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे हे तर जास्तच वाईट," तो म्हणाला. "डोकं नाही असं सांगितलं असतं तर आईनं समजून घेतलं असतं. वर्ग चुकला हे कुठल्या तोंडानं सांगू?"

त्याची आई एसटीच्या एका मोठ्या डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायची. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल हे सांगणं तिचं काम. रोज हजार माणसांना ती बरोबर गाडीत बसवायची, आणि तिच्या पोटचा पोर इमारत न विचारता तीन आठवडे भलत्याच वर्गात बसला होता. शिवाय आता उशीर झाला होता. त्यानं तिला फोन करून सामान न्यायला बोलावलं होतं. ती चारच्या गाडीनं येणार होती.

ती आली. ठेंगणी, चटपटीत बाई, खांद्याला पिशवी. आयुष्यभर ध्वनिक्षेपकावर बोलल्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची सवय लागली होती. कक्षाच्या दारात उभं राहून ती म्हणाली, "ट्रंक कुठं आहे, ट्रंक कुठं आहे?" मग पाटी वाचून तिनं चौकशी केली, की पोरानं नळ मोडला का.

मुलगा खाली मान घालून बसला. सांगायचं काम बाईंवर आलं. त्यांनी काही न लपवता सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हलत नव्हता. वायसरकाका दारात पाना घेऊन उभे होते, तेही जागचे हलेनात.

मग ती मुलाला म्हणाली, "मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एक शाळेची सहल आली. साठ पोरं आणि तीन शिक्षक. त्यांना धरणाला जायचं होतं. मी त्यांना सिमेंटच्या कारखान्याच्या गाडीत बसवून दिलं."

ही गोष्ट तिनं एकदाच सांगितली, दोनदा नाही.

मुलानं मान वर केली. मग काय झालं, असं त्यानं विचारलं.

"काय व्हायचंय. त्यांनी कारखाना बघितला. संध्याकाळी डेपो व्यवस्थापकांनी मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मी परत खिडकीत बसले. जाणार कुठं होते?" मग ती बाईंकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात तिनं विचारलं, "नव्या इमारतीतली चौदा नंबरची खोली कुठं आहे, कुठं आहे?"

बाईंनी दाखवली. वर्ग सुटलेले होते, खोली रिकामी होती. तिनं मुलाला पुढं घातलं, तिसऱ्या बाकावर बसायला लावलं, आणि दारात उभं राहून खोलीचा क्रमांक, मजला आणि इमारतीचं नाव मोठ्यानं, स्पष्ट, दोनदा पुकारलं. शेजारच्या प्रयोगशाळेतून दोघं-तिघं डोकावली. मुलगा शरमेनं बाकावर आडवा होऊन हसत होता. सहाच्या गाडीनं ती एकटीच परत गेली. ट्रंक खाटेखालीच राहिली.

पुढचं सगळं काही गोडीगुलाबीत झालं नाही. सहा आठवड्यांचा अभ्यास बुडाला होता तो बुडालाच होता. शेवटच्या वर्षाच्या प्राध्यापकांना अपराधी वाटत होतं, म्हणून ते मुलाला आठवड्यातून दोनदा शिकवायला लागले, पण त्यांना सोपं करून सांगता येत नसे. ते सोपं करून सांगायला मास्तर कक्षात येऊन बसू लागले. दोघांची पद्धतीवरून भांडणं व्हायची आणि मुलगा दोघांच्या मध्ये वही घेऊन बसायचा. सत्राच्या शेवटी तो संख्याशास्त्रात बऱ्यापैकी सुटला आणि अर्थशास्त्रात सपशेल आपटला, कारण त्याकडे बघायचं सगळेच विसरले होते. अर्थशास्त्र त्यानं पुढच्या खेपेला काढलं.

मधल्या काळात स्थापत्य विभागाचं पत्र आलं, की आपण कुठल्या अधिकारात नळ दुरुस्त करून घेत आहात. बाईंनी उत्तर पाठवलं, की पाटी वाचावी. त्यावर समितीनं पाटीची चूक सुधारायला तोच रंगारी परत पाठवला. बाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आपण गळालो आहोत असं लिहिलेल्या दारातून कुठलाही मुलगा आत येणार नाही, नळासाठी मात्र कुणीही येईल, हे त्यांना आता पुरतं कळलं होतं. वहीत त्यांनी एक नवा रकाना आखला होता: नळ केव्हा गळतो. 'रात्री' किंवा 'सकाळी' लिहिलं की यादी वायसरकाकांकडे जाई. 'दुपारी' लिहिलं की बाई मुलाला बसायला खुर्ची देत. कुणी वेळापत्रकात अडकलेलं असे, कुणी भलताच विषय घेतलेला असे. एका मुलीला तर ग्रंथालयात पुस्तकं घरी नेऊ देतात हेच कुणी सांगितलं नव्हतं. ती चार महिने तिथं उभ्यानं पुस्तकं पाठ करत होती.

वायसरकाकाही हळूहळू तयार झाले. दुसरं सत्र संपत आलं असताना एकदा ते आले आणि म्हणाले, दोनशे सातमधला नळ ठीक आहे, पण पोरगी ठीक नाही.

ती मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राची, वर्गात दुसरी आलेली. तिला विद्यापीठ सोडायचं होतं. परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिनं गुपचूप अर्ज केला होता आणि तिला जागाही मिळाली होती. बाईंनी तिला थांबवायला तीन दिवस जंग जंग पछाडलं. एवढे चांगले गुण, पुढं संशोधन, शिष्यवृत्ती, सगळं सांगून झालं. प्राध्यापकांशी भेट घालून दिली. मुलगी सगळ्याला हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखीच गप्प असायची. शेवटी बाईंनी तिला विचारलं, की मोकळ्या वेळात तू असतेस कुठं.

उत्तर वायसरकाकांनी दिलं. त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं. त्यावर पट्टी होती. गेल्या आठवड्यात पाईपच्या कडेनं बोट कापलं तेव्हा विद्यापीठाच्या दवाखान्यात ही मुलगीच होती. ती रोजच तिथं असते. तिथली परिचारिका हिच्यावर काम सोपवून चहाला जाते. "डॉक्टर बांधतात तेव्हा बोट वाकत नाही," काका म्हणाले. "हिनं बांधलंय, तर पाना धरता येतो."

बाईंनी त्या पट्टीकडे नीट निरखून पाहिलं. मग त्या उठल्या, मुलीला घेऊन तीन नंबरच्या खिडकीशी गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या हातानं तिचा अर्ज भरून दिला.

वर्षाच्या शेवटी समितीची बैठक झाली. पाचात एकाच्या जागी आता अकरात एक जण जात होता. कुलगुरू प्रसन्न होते. फक्त एका सदस्यांनी यादीत बोट ठेवून विचारलं, की ही वर्गात दुसरी आलेली मुलगी गेली कशी. आपल्याला तिला थांबवता आलं असतं ना?

"आलं असतं," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग ती थांबली असती."

इतिवृत्त लिहिणाऱ्यानं हे जसंच्या तसं लिहू का म्हणून विचारलं आणि होकार यायच्या आत लिहून टाकलं. मग समिती सायकली कुठं लावाव्यात या विषयाकडे वळली.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. शरीरशास्त्राच्या पहिल्याच तासाला तिला चक्कर आली आणि ती सगळ्यांदेखत खाली पडली. परत यायचंय का, बाईंनी विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "काकांच्या बोटाची पट्टी बदलली का, एवढंच विचारायचं होतं. ते स्वतःहून नाही बदलणार."

बाईंनी फोन बाजूला धरून काकांकडे पाहिलं. काकांनी हात पाठीमागं नेला.